विंडो टाकली, आता ड्रायव्हर कुठून आणायचे?

"भाऊ, विंडो टाकली, पण साउंडच नाही येऊन राहिला." नागपुरात संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. साउंडच्या जागी कधी नेट असतं, कधी प्रिंटर, कधी पसरट आणि फुगलेली अक्षरं दाखवणारा मॉनिटर. बोर्ड धड असतो, रॅम धड असते, हार्ड डिस्कही चालत असते. फॉरमॅट मारताना जुनी विंडोज पुसली गेली आणि तिच्यासोबत ड्रायव्हर गेले, एवढंच झालेलं असतं. बोर्डासोबत मिळालेली सीडी कुणालाच सापडत नाही आणि सापडली तर ती वाचायला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. मग दहा-बारा वर्षं इमानदारीत चाललेला डबा भंगारात काढायची भाषा सुरू होते. माझ्या मते यातले बहुतेक डबे वाचू शकतात. ड्रायव्हर बोर्डाच्या नावावर शोधण्याऐवजी बोर्डावरच्या चिपच्या क्रमांकावर शोधायचे, हे एकदा कळलं की हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

नागपुरात जुने डेस्कटॉप अजून का चालतात, हे आधी पाहायला हवं. इतवारीतला अडत्या टॅलीत हिशेब ठेवतो आणि टीव्हीएस किंवा एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बनची बिलं काढतो. त्याच्या प्रिंटरला लागणारा रुंद पॅरलल पोर्ट आजच्या बोर्डांवर क्वचितच मिळतो. महालातला लग्नपत्रिका करणारा पेजमेकर आणि श्रीलिपीवर हात बसलेला माणूस आहे. त्याची दहा वर्षांची कामं त्या फॉन्टमध्ये आहेत आणि सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणून मागे लावलेला डोंगल नव्या यंत्रावर चालेलच अशी खात्री नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या यंत्राला जोडलेलं कार्ड जुन्या पीसीआय खाचेतच बसतं. आणि शेवटी घरं आहेत, जिथे मोठ्या भावाचा संगणक धाकटीला अभ्यासाला मिळतो. या सगळ्यांचं काम त्या यंत्रावर चोख होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हापासून फॉरमॅट मारून काहीतरी दुसरं टाकण्याचं प्रमाण वाढणारच, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरचा प्रश्न नव्यानं उभा राहणार.

सगळ्यात अडचणीत आहेत ते 'ओरिजिनल'वाले. २००० नंतरच्या दशकात असेंबल्ड पीसी घ्यायला बर्डीत गेलेलं गिऱ्हाईक ओरिजिनल बोर्ड मागायचं. ओरिजिनल म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरखाली इंटेलचाच बोर्ड: डी९४५जीसीएनएल, डीजी३१पीआर, डीजी४१आरक्यू, पुढे डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू. ज्याचं बजेट कमी तो मर्क्युरी किंवा झेब्रॉनिक्स घेई, थोडा माहितगार असला तर असुस किंवा गिगाबाइट. इंटेलनं जानेवारी २०१३ मध्ये डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. चौथ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांसाठीचे बोर्ड हे शेवटचे. तोवर ठीक होतं, कारण डाउनलोडचं पान चालू होतं. मग कंपनीनं जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फायली आपल्या संकेतस्थळावरून काढायला घेतल्या. २२ नोव्हेंबर २०१९ नंतर या फायली मिळणार नाहीत, असं तिनं त्या पानांवरच लिहिलं होतं. भरवशाचा म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेला बोर्ड अशा रीतीनं सगळ्यात पोरका झाला. गिगाबाइट आणि असुसच्या कितीतरी जुन्या बोर्डांची पानं आजही उघडतात, आणि इंटेलच्या ग्राहकाला मात्र इंटरनेट आर्काइव्हवर हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या प्रतींवर अवलंबून राहावं लागतं. हे मला मनापासून खटकतं. काही मेगाबाइटच्या फायली ठेवायला एवढ्या मोठ्या कंपनीला कितीसा खर्च आला असता?

मर्क्युरीचे किंवा आजही नवे विकले जाणारे स्वस्त, इंटेलच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या संकेतस्थळाचा भरवसा आधीही नव्हता. पण बोर्डावर नाव कुणाचंही छापलेलं असो, त्यावरच्या चिपा मोजक्या कंपन्यांच्याच असतात. चिपसेट इंटेलचा किंवा एएमडीचा, त्याआधीच्या काळात व्हाया, सिस किंवा एनव्हिडियाचाही. साउंड आणि लॅन बहुतेक वेळा रियलटेकचं. अनोळखी नावाच्या बोर्डाला जो ड्रायव्हर लागतो, तो नामवंत कंपनीच्या त्याच चिपच्या बोर्डालाही चालतो. साउंडच्या काही बारीक सेटिंगचा अपवाद सोडला तर हे जवळपास नेहमी खरं ठरतं.

एच६१ च्या बोर्डावर विंडोज ७ नुकतीच टाकली आहे असं समजा. डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळी उद्गारचिन्हं दिसतात: इथरनेट कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर आणि 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'. डिस्प्लेच्या जागी नुसतं 'स्टँडर्ड व्हीजीए'. तिसरं नाव वाचून लोक मोडेमचा ड्रायव्हर शोधत बसतात, कारण एक्सपीच्या काळात त्या नावाखाली अनेकदा मोडेमच असायचं. इथे नावाकडे बघू नये. त्या ओळीवर राइट क्लिक करावं, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडावं. एक लांब ओळ दिसते. त्यात 'व्हेन' या तीन अक्षरांपुढे चार चिन्हं असतात, ती चिप बनवणाऱ्या कंपनीची. 'डेव्ह'पुढची चार त्या चिपची. व्हेन ८०८६ म्हणजे इंटेल. आपल्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा क्रमांकच कंपनीनं ओळख म्हणून घेतला. १०ईसी म्हणजे रियलटेक, १००२ म्हणजे एटीआय, जी पुढे एएमडीत गेली, १०डीई एनव्हिडिया, ११०६ व्हाया, १०३९ सिस. आपल्या उदाहरणात त्या तथाकथित कम्युनिकेशन्स कंट्रोलरपुढे ८०८६ आणि १सी३ए दिसतं. हा इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस. मोडेमशी त्याचा काही संबंध नाही. इथरनेटपुढे १०ईसी आणि ८१६८ असेल तर ती रियलटेकची गिगाबिट लॅन. ८१३६ असेल तर तिची शंभर मेगाबिटची बहीण.

त्याच ओळीत पुढे 'सबसिस' म्हणून आठ चिन्हं असतात. त्यातली शेवटची चार बोर्ड कुणी बनवला हे सांगतात: १०४३ असुस, १४५८ गिगाबाइट, १४६२ एमएसआय, १८४९ एएसरॉक. कॅबिनेट न उघडता बोर्डाचं घराणं कळतं. मॉडेलही हवं असेल तर सीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर मेनबोर्डच्या पानावर ते दाखवतं. कॅबिनेट उघडायचंच असेल तर नाव बहुधा पीसीआयच्या खाचांमध्ये किंवा प्रोसेसर आणि रॅमच्या आसपास मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यातला रिव्हिजनचा आकडा जरूर टिपावा. मॉडेल तेच असूनही रिव्हिजन बदलली की कधी कधी लॅनची चिपच वेगळी निघते.

आयडी हाती आला की शोधाची जागाही बदलते. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तो जसाच्या तसा इंग्रजी अक्षरांत टाकला तर त्या चिपचे मायक्रोसॉफ्टकडे जमा झालेले ड्रायव्हर निघतात. फाइल कॅब प्रकारची असते. ती एका फोल्डरमध्ये उघडायची आणि 'अपडेट ड्रायव्हर'मधून विंडोजला त्या फोल्डरची वाट दाखवायची. सेटअपचं बटण नसल्यानं लोक या रस्त्याला बिचकतात, पण माझ्या मते याहून स्वच्छ रस्ता नाही. सोबत काहीच नको असलेलं येत नाही.

तारखांबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबायला हवं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांची तारीख २१ जून २००६ दिसते आणि इंटेल चिपसेटच्या बऱ्याच नोंदींवर तर १८ जुलै १९६८. ती पाहून माणूस घाबरतो, आणि 'तुमचे ड्रायव्हर कितीतरी वर्षं जुने आहेत' छाप जाहिराती करणाऱ्या अपडेटर सॉफ्टवेअरचं नेमकं तिथेच फावतं. १८ जुलै १९६८ हा इंटेल स्थापन झाली तो दिवस आहे. एकाच उपकरणाला सारख्याच तोलाचे दोन ड्रायव्हर जुळत असतील तर विंडोज नव्या तारखेचा निवडते. त्यामुळे सर्वसाधारण ड्रायव्हरला मुद्दाम जुनी तारीख दिली जाते, म्हणजे त्या उपकरणासाठी खास बनवलेला ड्रायव्हर असला तर तोच वर राहावा. मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या तारखेमागेही हेच कारण आहे. तसंच, इंटेलचा 'चिपसेट ड्रायव्हर' म्हणून जो बसवतात, तो बहुतांशी उपकरणांना त्यांची नावं देणारा माहितीचा संच असतो. एसएम बसवरचं पिवळं चिन्ह त्यानं जातं, पण संगणक जोरात पळेल अशी आशा त्याच्याकडून धरू नये.

बसवण्याचा क्रम सरळ आहे: आधी चिपसेट, मग डिस्प्ले, साउंड, लॅन आणि यूएसबी ३. अडतं ते लॅनपाशी. नेट नसल्यानं ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नसल्यानं नेट नाही. यावर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग हा हाताशी असलेला उपाय. विंडोज ७ पासून पुढे फोन बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड म्हणून ओळखला जातो. एक्सपीवर मात्र फायली दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेन ड्राइव्हनं न्याव्या लागतात. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळं उघडूच शकत नाही.

एक्सपीची दुसरी अडचण साटा डिस्कची. बायोसमध्ये एएचसीआय ठेवलं की सेटअप निळ्या पडद्यावर येऊन थांबतो आणि खाली सातबी हा एरर असतो. पूर्वी एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचे. आज बायोसमध्ये आयडीई मोड निवडणं सोपं. इंटेलच्या जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड सहसा आयडीई मोडमध्येच चालत असल्यानं तिथे हा त्रास नसतो. याच्या नेमकी उलट अडचण २०१५ नंतरच्या सहाव्या पिढीच्या बोर्डांवर येते. त्यांच्यातून जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकला गेला, त्यामुळे विंडोज ७ च्या सेटअपमध्ये कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके होतात. पीएस/२ चा गोल पिनेचा कीबोर्ड असला तर काम भागतं, नाहीतर यूएसबी ३ चे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये घालावे लागतात.

डिस्प्ले हा सगळ्यात कडक मामला आहे आणि इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. विंडोज व्हिस्टापासून डिस्प्ले ड्रायव्हरची रचनाच बदलली. इंटेलच्या ८४५, ८६५ आणि ९१५ चिपसेटांच्या ग्राफिक्ससाठी नव्या रचनेचा ड्रायव्हर कधी आलाच नाही. ९१५ वरून तर अमेरिकेत २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला झाला, कारण त्या चिपसेटच्या यंत्रांवरही 'व्हिस्टा चालेल' असा स्टिकर होता. ९४५ आणि जी३१ साठी विंडोज ७ पर्यंतचे ड्रायव्हर आहेत. विंडोज १० वर ते हातानं बसवून कधी चालतात, कधी नाही. जी४१ आणि दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांमधलं ग्राफिक्स विंडोज १० वर विंडोज अपडेटमधूनच ड्रायव्हर मिळवतं. ज्यांना तो मिळत नाही, त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले अडॅप्टर उरतो. टायपिंग आणि टॅली त्यावर बिनघोर चालतं, व्हिडिओ मात्र अडखळतो. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची लांब खाच असेल तर जीटी ७१० सारखं छोटं कार्ड टाकणं हे दोन दिवस ड्रायव्हर शोधण्यापेक्षा शहाणपणाचं. विंडोज ११ चा हट्ट कोअर २ ड्युओवाल्यांनी धरू नये. २४एच२ या आवृत्तीपासून तिला प्रोसेसरमधल्या अशा सूचना लागतात, ज्या त्या चिपमध्ये नाहीतच; ड्रायव्हरनं ही उणीव भरून निघत नाही.

साउंडसाठी रियलटेकचा हाय डेफिनिशनचा सर्वसाधारण संच, आर२.८२ ही २०१७ ची आवृत्ती, बहुतेक जुन्या बोर्डांना पुरते. त्याआधीच्या एसी ९७ च्या चिपांचा संच वेगळा. ड्रायव्हर नीट बसूनही कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये आवाज येत नसेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. कॅबिनेटची वायर एसी ९७ ची आणि बोर्डाची जागा एचडी ऑडिओची, अशी गाठ पडलेली असते. रियलटेकच्या मॅनेजरमध्ये पुढच्या पॅनेलचं जॅक डिटेक्शन बंद केलं की आवाज येतो.

सहीचा अडथळा अलीकडे जास्त भेटतो. चौसष्ट बिटच्या विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते आणि ती पटली नाही तर कोड ५२ येतो. जुन्या सीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला नव्या पद्धतीची, शा-२ ची सही ओळखताच येत नाही. त्यासाठी २०१९ चे केबी४४७४४१९ आणि केबी४४९०६२८ हे दोन अपडेट आधी टाकावे लागतात. हे माहीत नसल्यानं चांगला ड्रायव्हर खराब ठरवून फेकला जातो. सही तपासणं कायमचं बंद करून ठेवणं हा उपाय दुकानांत सर्रास होतो, मला तो पसंत नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, तिथे तो करूच नये.

याहून साधं कारण बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीत असतं. सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ बोर्डाच्या जन्माच्या आसपासच्या तारखेला जाऊन बसतं. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ धोकादायक ठरवतो, सह्या अवैध दिसतात, आणि बायोसमधलं साटाचं सेटिंग मूळ पदावर गेल्यानं विंडोजही चालू होत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, धूळ असते, वीज जाते-येते. अशा शहरात दहा वर्षांच्या बोर्डाची ही बॅटरी ड्रायव्हर शोधण्याआधीच बदलून घ्यावी.

आणखी एक परीक्षा आधी करावी. पावसाळ्यात वीज कडाडून गेल्यावर लॅनची चिप जळणं नवं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतंय, कोड २८ लिहिलंय, तर चिप जिवंत आहे आणि फक्त ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये लॅन चालू आहे आणि यादीत लॅनची नोंदच नाही, अगदी अनोळखी म्हणूनही नाही, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर तिला परत आणणार नाही. स्वस्तातलं पीसीआय किंवा यूएसबीचं लॅन कार्ड लावावं आणि पुढचं काम करावं.

आता ड्रायव्हर पॅकांबद्दल. दुकानदारांचा भर त्यांच्यावर असतो आणि त्यांची बाजू मला समजते. दिवसाला अनेक डबे हातावेगळे करायचे तर प्रत्येकाचे आयडी शोधत बसणं परवडत नाही. पण ड्रायव्हरपॅक सोल्यूशनच्या नेटवरून चालणाऱ्या आवृत्तीबरोबर न मागितलेले ब्राउझर आणि अँटिव्हायरस येत राहिले, आणि काही सुरक्षा सॉफ्टवेअर त्याला नकोशा प्रोग्रॅममध्ये धरतात. स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन हे मुक्त स्रोताचं आहे, जाहिराती नाहीत आणि सगळा संच एकदा डिस्कवर घेतला की नेटशिवाय चालतं. पॅक वापरायचाच तर हा वापरावा, आणि चालत असलेल्या उपकरणांना हात न लावता पिवळी चिन्हं असतील तेवढीच निवडावीत. 'सिलेक्ट ऑल' दाबून चालता डिस्प्ले घालवलेली यंत्रं दुरुस्तीला येतात.

लिनक्सनं यातला बराच भाग नाहीसा होतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. इंटेलचं जुनं ग्राफिक्स आणि रियलटेकची लॅन पहिल्याच सुरुवातीला चालू होते. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू चार जीबी रॅमच्या कोअर २ ड्युओवर घरगुती कामाला पुरेशी आहे. एसएसडी टाकली तर आणखी बरं. मात्र बत्तीस बिटच्या पेंटियम ४ चे दिवस भरत आले आहेत: उबुंटूनं त्यांच्यासाठीचा सेटअप केव्हाच थांबवला आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्येही तो नाही. शिवाय आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० प्रिंटर लिनक्सवर बराच छळतो. श्रीलिपीचं कुलूप आणि सेतू केंद्रातली बोटाचा ठसा घेणारी यंत्रं सहसा विंडोजच मागतात. विद्यार्थ्याला लिनक्स द्यावं, पत्रिकावाल्याला देऊ नये, असं मी सांगेन.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आपल्या देशात सुरू झाली आहे. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि नंतर पोर्टलही काढलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नवे नियम उत्पादकावर टाकाऊ यंत्रांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकतात. पण यंत्र टाकाऊ होऊच नये म्हणून त्याचे ड्रायव्हर आणि बायोस कायम मिळत राहावेत, हे बंधन कंपन्यांवर घातलं पाहिजे. सुटे भाग बनवायला पैसा लागतो. फाइल जपायला नगण्य. विक्री थांबवताना कंपनीनं या फायली एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा सरकारी भांडाराकडे सोपवाव्यात, एवढी मागणी ग्राहक संघटनांनी रेटायला हरकत नाही.

तोवर आपली सोय आपण करायची. विंडोज १० चालू असेल तर फॉरमॅट मारण्याआधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयुटिलची एक्सपोर्ट-ड्रायव्हर ही आज्ञा, पुढे तारांकन आणि फोल्डरचा पत्ता देऊन चालवली की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये जमा होतात. एक्सपी आणि ७ साठी डबल ड्रायव्हर हे फुकट सॉफ्टवेअर तेच काम करतं. विंडोज चालूच होत नसेल तरी घाई करू नये. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावावी आणि विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअरमधला फाइलरिपॉझिटरी हा फोल्डर उचलून घ्यावा. व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये बसवलेले ड्रायव्हर तिथेच साठलेले असतात. नव्या विंडोजमध्ये 'अपडेट ड्रायव्हर'ला त्याच फोल्डरची वाट दाखवली की पिवळी चिन्हं एकेक करून जातात. त्या फोल्डरच्या नावात बोर्डाचं मॉडेल, रिव्हिजन, विंडोजची आवृत्ती आणि बत्तीस की चौसष्ट बिट हे लिहावं, आणि त्याची एक प्रत त्या यंत्राबाहेर ठेवावी.